कांद्यांच्या निवासाचा प्रश्न

माणसाने स्वयंपाकघरात उभं राहून कांद्यांविषयी बोलताना 'निवास' हा शब्द वापरू नये. मी वापरला, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं असं माझ्या बायकोचं मत आहे. माझं मत वेगळं आहे, पण ते ऐकून घ्यायला घरात कुणाला सवड नाही. म्हणून इथे लिहितो.

आमच्या स्वयंपाकघरातलं जुनं कपाट सिंकच्या पाण्याने कुजलं, ते काढलं आणि त्या जागी सुताराने नवी लाकडी मांडणी ठोकून दिली. सहा कप्पे, सगळे उघडे. कपाटाबरोबर आतले गंजके डबेही गेले. मांडणी फार देखणी झाली होती. सकाळचं ऊन खिडकीतून येई, एकेका कप्प्यात थोडा वेळ बसे आणि पुढच्या कप्प्यात जाई. मी ते बघत उभा राही.

"बघताय काय नुसतं?" बायको म्हणाली. "यात काहीतरी ठेवायचंय."

"काय ठेवायचंय?"

"सामान! स्वयंपाकघरात दुसरं काय ठेवतात?"

तिचंही बरोबर होतं. कांदे खुर्चीवर होते, बटाटे बादलीत होते आणि साखर पिशवीतच फिरत होती. कप्प्यांत टोपल्या बसवायच्या आणि टोपल्यांत सामान ठेवायचं, इथपर्यंत आमचं एकमत झालं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर एकमत इतकं लांब जाणं ही मोठीच गोष्ट आहे. मग प्रश्न आला, टोपल्या कसल्या? प्लास्टिकच्या की विणलेल्या?

माझं काम असं आहे की मला अशा प्रश्नांची गोडी लागते. मी नकाशाच्या कचेरीत आहे. नद्यांना निळा रंग देणं हे माझं खातं. आता रंग संगणक भरतो, पण कुठली नदी किती निळी हे अजूनही मलाच विचारतात. निदान मागच्या वर्षापर्यंत विचारत होते. दिवसभर नद्यांच्या काठाने डोळे फिरवल्यावर संध्याकाळी घरी येतो तेव्हा माझा एक पाय अजून पाण्यात असतो, असं बायको म्हणते. ती हे कौतुकाने म्हणत नाही.

घरातलं तिसरं माणूस म्हणजे माझी आत्या. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली. ट्रंक कॉलच्या काळात कानाला हेडफोन लावून, बोर्डात वायरी खुपसून तिने आयुष्यभर लोकांना एकमेकांशी जोडून दिलं. बोर्डाकडे न बघता, नुसत्या बोटांनी. वेळ संपत आली की ती गोड आवाजात "तीन मिनिटं झाली" असं सांगे. पण न सांगता कुणाचं बोलणं मध्येच तोडलं, असं तिच्या हातून कधी घडलं नाही. या एका गोष्टीचा तिला फार अभिमान आहे.

अलीकडे तिची नजर गेली. उजेड दिसतो, माणसांचे आकार दिसतात, बारीक काही दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, आता एवढंच राहील. आत्याने ते शांतपणे ऐकून घेतलं, घरी आली आणि तिने चहा केला. चहाचं खातं तिचं. जुन्या डब्यांवरचा पोचा न् पोचा तिच्या बोटांना पाठ होता. पोटाशी चेपलेला डबा साखरेचा, सैल झाकणाचा चहाचा, कडेला गंज लागलेला मिठाचा.

"एक सांगून ठेवते," त्या दिवशी चहा पिताना ती म्हणाली. "ज्या दिवशी साखर कुठाय म्हणून मला कुणाला हाक मारावी लागेल, त्या दिवशी मी बॅग भरीन. माझ्या एक्स्चेंजमधल्या मैत्रिणी राहतात ना, त्या वृद्धांच्या निवासात जाईन. तिथं चहा आयता मिळतो, आणि न मागता मिळतो."

आत्या बोलते तसं करते. लग्न करणार नाही म्हणाली होती, केलं नाही. आम्ही दोघं घाबरलो. बायकोने तर चहाचा कप तसाच खाली ठेवला. आईच्या मागे मला आत्यानेच वाढवलं आणि तिच्याशिवाय हे घर मला कल्पनेतही उभं करता येत नाही.

हे सगळं आम्हाला माहीत होतं, हे लक्षात ठेवा. तरीही टोपल्यांची चर्चा सुरू झाली तेव्हा आम्ही बोललो ते रंगाविषयी, स्वच्छतेविषयी आणि कांद्यांच्या श्वासाविषयी.

"प्लास्टिकच्या घेऊ," बायको म्हणाली. "धुता येतात. झाकणं असतात. एकावर एक बसतात."

"पण कांद्यांना श्वास घ्यायला नको?" मी म्हटलं. "विणलेल्या टोपलीत हवा खेळते. अगं, शेवटी हा कांद्यांच्या निवासाचा प्रश्न आहे."

पडला तो शब्द. बायकोने माझ्याकडे नदीत पाय असलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

"मला विचाराल तर—" आत्या म्हणाली.

तेवढ्यात समोरच्या वहिनी आल्या. समोरच्या वहिनींना आमच्या घरातल्या चर्चा भिंतीतून ऐकू येतात आणि मुद्दा पटला नाही की त्या स्वतः येतात. त्यांच्या हातात दोन पांढरे डबे होते. "भाऊजी, बघा!" असं म्हणून त्यांनी एक डबा जमिनीवर आपटला. डबा उसळून टेबलाखाली गेला. "काही होत नाही! तुमची टोपली आपटा बघू अशी."

"टोपल्या आपटायला कोण आणतंय?" मी म्हटलं.

"आपटायची वेळ सांगून येते का?"

तेवढ्यात वहिनींनी डब्यात पाणी भरून, उलटा धरून, त्यावर स्वतः बसून दाखवलं. आत्या काहीतरी म्हणणार होती हे सगळेच विसरलो.

शेवटी माझा हट्ट चालला. का चालला ते सांगता येत नाही. बहुतेक बायको दमली होती. "आणा काय आणायच्या त्या," ती म्हणाली, "पण मापाच्या आणा." हे शेवटचे शब्द तिने उच्चारायला नको होते. नकाशाच्या कचेरीतल्या माणसाला माप घ्यायला सांगणं म्हणजे काय, हे तिला तेव्हा कळायला हवं होतं. मी रजा काढली. मांडणीचा समोरून, बाजूने आणि वरून असा नकाशा काढला. कप्प्याच्या जाडीला फिकट पिवळा रंग दिला. कप्प्यात टोपली अशी बसली पाहिजे की आजूबाजूला केसभर जागा वाया जाता कामा नये. नकाशा पुरा झाल्यावर मी त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिलो की जेवण निवलं.

हस्तकलेच्या दुकानात एक बाई होत्या. त्या स्वतः टोपल्या विणत आणि स्वतःला कलाकार म्हणवून घेत. दुकानात हिरवट उजेड होता, वाळल्या गवताचा वास होता आणि छताला शेकडो टोपल्या टांगलेल्या होत्या. तिथे शिरल्याबरोबर मला नदीकाठी आल्यासारखं वाटलं. मी बराच वेळ मान वर करून नुसता बघत राहिलो. बाईंना ते आवडलं असावं.

"यात तुम्ही काय ठेवणार?" त्यांनी विचारलं.

"कांदे."

त्यांनी डोळे मिटून घेतले. "टोपली रिकामीच सुंदर दिसते," त्या हळूच म्हणाल्या.

"बटाटेही ठेवायचेत," मी म्हटलं. खोटं कशाला बोला.

माझा नकाशा त्यांनी टेबलावर पसरून पाहिला आणि मापं मान्य केली. पण सहाही टोपल्या एकसारख्या हव्यात म्हटल्यावर त्या ताठ झाल्या. "एकदा विणलेलं मी पुन्हा विणत नाही. तसलं यंत्राकडून करून घ्या." मी परोपरीने सांगितलं, मांडणीत सारखेपणा हवा, डोळ्यांना बरं दिसतं. पण त्या हटल्या नाहीत. आल्या त्या टोपल्या मापाने अचूक, आणि रूपाने सहा दिशांना सहा. एक वेताची, गुळगुळीत. एक लव्हाळ्याच्या जाड दोरीची, हाताला पेंढीसारखी लागणारी. एकीच्या काठाला पीळ, एकीला गाठी, एक विरळ जाळीची. शेवटची चक्क एका बाजूला झुकलेली, कारण विणताना वारा सुटला होता म्हणे.

मला हा माझ्या नकाशाचा अपमान वाटला. पण टोपल्या कप्प्यात सरकवल्या आणि माझा राग गेला. काय बसल्या होत्या! आत जाताना प्रत्येकीने सुस्कारा सोडल्यासारखा आवाज केला. चहा आणि साखरेच्या बरण्या वेगवेगळ्या टोपल्यांत गेल्या, मिठाची गाठींच्या टोपलीत, कांदे जाळीत, बटाटे दोरीच्या मोठ्या टोपलीत.

मग जे दिवस आले ते माझ्या आयुष्यातले फार सुखाचे दिवस होते. स्वयंपाकघराला गवताचा वास येऊ लागला. दुपारी सुट्टी असली की मी खुर्ची टाकून तिथेच बसे. जाळीतून ऊन कांद्यांवर पडे, भिंतीवर ठिपके हलत राहत. माझे डोळे मिटत, आणि कुठून कुठे वाहत जाणारी निळी रेघ दिसे, तिच्या काठाने टोपल्या चाललेल्या. मध्येच जाग यायची ती आत्याच्या गुणगुणण्याने. ती कट्ट्यापाशी चहा करत असे. टोपल्यांच्या काठांवरून तिची बोटं फिरत, पिळावर थांबत, साखर निघे. मी मनात म्हणे, बघा, निसर्गाच्या सहवासाचा म्हाताऱ्या माणसांवर किती चांगला परिणाम होतो. इतकं जवळून बघूनही मला एवढंच दिसलं.

सुखाला भुंगा लागला. अक्षरशः. एके दिवशी वेताच्या टोपलीखाली बारीक पिवळा भुसा पडलेला दिसला. समोरच्या वहिनींना तो त्यांच्या घरातूनच दिसला असावा, कारण मी झाडू आणेपर्यंत त्या हजर होत्या आणि त्यांच्या मागे आमच्या इमारतीचे चिटणीस होते.

चिटणीस सज्जन आहेत. पण नियमाबाहेरचं काही दिसलं की त्यांना झोप लागत नाही. त्यांनी वाकून भुसा पाहिला. "हा कीटक आहे," ते म्हणाले. "कीटक एका घरात राहत नाही. उद्या तो माझ्या दारात येईल."

"मिठाच्या पाण्यात बुडवा टोपल्या," वहिनी म्हणाल्या. "चांगल्या भिजू द्या. मग गच्चीवर कडक वाळवा."

"गच्चीवर?" चिटणीसांनी मान वर केली. "गच्चीवर कपडे वाळवायला परवानगी आहे. धान्य वाळवायला मनाई आहे. टोपली यातलं काय?"

"टोपली," मी म्हटलं.

"ते दिसतंय मला. पण नियमात टोपली नाहीये."

"मला विचाराल तर—" आत्या खोलीच्या दारातून म्हणाली.

"आत्या, तुम्ही पडा जरा," बायको म्हणाली. "आम्ही बघतो." आणि चर्चा टोपलीवरून कपड्याच्या व्याख्येवर गेली.

गच्चीची किल्ली मिळाली नाही. प्रश्न कार्यकारिणीपुढे ठेवावा लागेल असं ठरलं, आणि कार्यकारिणी कधी भरते हे चिटणीसांनाही ठाऊक नव्हतं. पण टोपल्या तोवर भिजून झाल्या होत्या. न्हाणीघरात त्या तरंगताना इतक्या छान दिसत होत्या की मी स्टूल घेऊन बसलो. बायको मात्र पसाऱ्याला कंटाळली. दोन दिवस गॅलरीत निथळून झाल्यावर, अजून दमट असतानाच, तिने टोपल्या उचलल्या, कप्प्यांत दाबून बसवल्या आणि सामान भरून टाकलं. आता केसभरही जागा न सोडणाऱ्या मापाच्या टोपल्या पाण्याने फुगल्यावर काय होतं? मी सांगू शकलो असतो. कुणी विचारलं नाही आणि मलाही आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी एकही टोपली बाहेर येईना.

बायकोने ओढली, मी ओढली, दोघांनी मिळून ओढली. वहिनींनी तेल आणलं. चिटणीस नियमभंगाची पाहणी करायला आले होते. त्यांना बघवेना, म्हणून त्यांनीही हात लावला. बटाट्यांच्या टोपलीला मी धरलं होतं, मला कमरेला चिटणीसांनी, आणि बायको "हळू, हळू" म्हणत होती. टोपली एकदम सुटली. मी चिटणीसांवर पडलो, चिटणीस वहिनींच्या तेलावर पडले आणि बटाटे घराच्या उघड्या दारातून बाहेर पडले. ते काही घाईत नव्हते. जिन्याकडे थोडे, लिफ्टकडे थोडे, फिरायला निघाल्यासारखे गेले. मी जमिनीवर पडून त्यांच्याकडे बघत राहिलो. तेवढ्यापुरता माझा अपमान मी विसरलो.

चिटणीस उठले, कपड्यांवरचं तेल बघितलं आणि तडक लिफ्टमध्ये शिरले. लिफ्टच्या दाराच्या खाचेत एक बटाटा होता. दार अर्धं लागलं, लिफ्ट हातभर खाली सरकली आणि थांबली. आतून चिटणीसांचा आवाज आला. आधी रागाचा आला, मग बारीक झाला, मग अगदीच लहान मुलासारखा झाला. त्यांना बंद जागेची भीती आहे हे कुणालाच माहीत नव्हतं.

आम्ही सगळे एकदम बोलू लागलो. आत्या भिंतीला हात लावत आली, आम्हाला बाजूला सारलं आणि फटीपाशी तोंड नेलं. तिने जो आवाज काढला तो मी लहानपणानंतर ऐकला नव्हता.

"नमस्कार. आपला कॉल चालू आहे," ती म्हणाली. "लाइन तोडलेली नाही. मी इथंच आहे. बोला."

चिटणीस बोलू लागले. लिफ्टवाला येईपर्यंत बोलत राहिले. त्यांच्या शाळेविषयी, वारलेल्या पत्नीविषयी, गच्चीचे नियम त्यांनी का केले त्याविषयी. आत्या मधून मधून "ऐकतेय" म्हणत होती. सुटका झाल्यावर त्यांनी तिच्याकडे बघून मान लववली आणि खिशातून गच्चीची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "विशेष बाब म्हणून," ते म्हणाले. "टाकीच्या मागे ठेवा, दिसू देऊ नका."

उरलेल्या टोपल्या सोडवायला सुतार बोलवावा लागला. त्याने फळ्या सैल केल्या. "काढणं सोपं होतं," तो म्हणाला, "आत कशा घातल्यात ते सांगा." मी त्याला नकाशा दाखवला नाही. सहाही टोपल्या मी गच्चीवर टाकीच्या मागे नेऊन ठेवल्या आणि मागे न बघता खाली आलो. हरलेल्या माणसाने मागे बघू नये.

मग प्लास्टिक आलं. समोरच्या वहिनी स्वतः बाजारात गेल्या. सहा पांढरे डबे, सहा पांढरी झाकणं, इतके सारखे की कुठला कुठे ठेवला हे त्यांनाही सांगता येईना. "भाऊजी, आता कसं नीटनेटकं वाटतंय!" खरंच वाटत होतं. बायकोला बरं वाटावं, जखमेवर फुंकर म्हणून, मी त्यावर नावं लिहिली. नकाशात मोठ्या नद्यांची नावं लिहितो त्या अक्षरात, निळ्या शाईने, थोडी वळणदार. साखर. मीठ. चहा. असं सुंदर अक्षर आमच्या कचेरीत आता कुणाचं राहिलेलं नाही. मी आत्याला बोलावून दाखवलं. तिने डब्यांवरून हात फिरवला. एकदा फिरवला, पुन्हा फिरवला.

"छान," ती म्हणाली. "गुळगुळीत आहे."

त्या दुपारी चिटणीस चहाला आले होते. लिफ्टच्या प्रसंगानंतर ते येऊ लागले होते. आत्याने चहा केला, आम्हा सगळ्यांना कप दिले. मी घोट घेतला. बायकोने घेतला. आम्ही एकमेकांकडे बघितलं. चहात मीठ होतं, चांगलं सढळ हाताने घातलेलं. बायकोने डोळ्यांनी मला दटावलं. मी गिळला. चिटणीसांनी कप तोंडाला लावला तो पुरा रिकामा करूनच खाली ठेवला, आणि म्हणाले, "वा! फार सुंदर!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, मिठामुळे की कशामुळे, मला सांगता येणार नाही.

मग आत्याने स्वतःचा कप उचलला. आम्ही तिघंही बघत राहिलो. काय करणार होतो? एक घोट घेतला तिने. कप बशीत ठेवला, अगदी आवाज न करता. "चुकला," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून हाक आली. "अगं, साखर कुठली?" बायको धावत गेली, डबा काढून दिला. चहा झाला, चांगला झाला. मी कचेरीत गेलो आणि एक नदी समुद्राच्याही पुढे निळी रंगवून आलो.

त्या दिवशी दुपारीच घरी आलो तर दाराजवळच्या खुर्चीवर आत्या बसली होती. पायांत बाहेरच्या चपला, मांडीवर बॅग. निवृत्त होताना एक्स्चेंजने दिलेली जाड कापडाची बॅग, तिच्यावर टेलिफोनचं चित्र. बायकोचे डोळे सुजले होते. वहिनी होत्या. चिटणीस होते. सगळे बोलत होते. बायको म्हणत होती, मी देत जाईन ना साखर, त्यात काय एवढं. वहिनी म्हणत होत्या, डब्यांना रंगीत झाकणं मिळतात. चिटणीस म्हणत होते, इमारत सोडण्याआधी तसं कळवावं लागतं. मीही बोलू लागलो, काय बोललो आठवत नाही.

"टॅक्सी बोलव," आत्या म्हणाली.

आणि मला तिचं ते अर्धवट राहिलेलं वाक्य आठवलं. किती वेळा तिने सुरुवात केली होती! "आत्या," मी म्हटलं, "तू काहीतरी सांगत होतीस. टोपल्यांचं. तुला काय म्हणायचं होतं?"

"मला विचाराल तर—" ती म्हणाली आणि सवयीने थांबली.

नळ ठिबकत होता तो ऐकू आला. वहिनींनी तोंड उघडलं, तर चिटणीसांनी त्यांच्यापुढे हात आडवा धरला.

"मला विचाराल तर," आत्या जरा चाचरत म्हणाली, "त्या बाईच्या टोपल्या चांगल्या होत्या. एकीसारखी दुसरी नाही. पीळ लागला की साखर, गाठी लागल्या की मीठ, वाकडी म्हणजे चहा. माझ्या बोर्डासारखं होतं ते. बघायला लागायचंच नाही."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"लाइन मिळाली नाही," आत्या म्हणाली.

मला रडू आलं. सगळ्यांसमोर आलं. माणसं जोडून देण्यात जन्म घालवलेल्या बाईला तिच्याच घरात आम्ही बोलू दिलं नव्हतं, आणि मी तिच्यासाठी निळ्या शाईने नावं लिहून ठेवली होती! चिटणीसांनी मला रुमाल दिला आणि गच्चीच्या जिन्याकडे बोट केलं.

गच्चीवर लख्ख ऊन होतं. टाकीच्या मागे टोपल्या तशाच होत्या, इतक्या दिवसांच्या उन्हाने फिकट झालेल्या, आणि आकसून थोड्या लहान झालेल्या. भुसा पडायचा थांबला होता. बटाट्यांच्या दोरीच्या टोपलीत मात्र एक कबुतर अंड्यांवर बसलं होतं. ते आमच्याकडे एका डोळ्याने बघत राहिलं. खाली कुठेतरी कुणीतरी भांडी घासत होतं, वारा येत होता, आणि मला वाटलं, इथंच बसावं. बायकोने कोपर मारलं.

"पक्ष्यांना गच्चीवर मनाई नाही," चिटणीस जरा विचार करून म्हणाले. "ती टोपली राहू द्या."

पाच टोपल्या खाली आल्या आणि कप्प्यांत अशा सहज सरकल्या की मी तोंडात बोट घातलं. चारी बाजूंनी बोटभर जागा. माझ्या नकाशात ती कुठेच नव्हती. मीठ टोपलीत दमट होतं म्हणून बायकोने गाठींच्या टोपलीत लसूण टाकला आणि मिठासाठी वहिनींचा एक पांढरा डबा ठेवायचा का, असं घाबरत घाबरत विचारलं. आत्याने त्यावरून हात फिरवला आणि पहिल्यांदा हसली. "एकटाच गुळगुळीत असेल तर तो लगेच कळेल की!" वहिनींनी माझ्याकडे जे बघितलं ते मी सोसलं.

राहिले बटाटे. ते पुन्हा बादलीत गेले होते. आत्या उठली, खुर्चीवरची बॅग उघडली, आतले कपडे काढून बायकोच्या हातात दिले आणि रिकामी बॅग माझ्यापुढे धरली.

"बटाटे यात भर," ती म्हणाली. "जाड कापड आहे, हवा खेळते."

बॅग भरून खालच्या कप्प्यात ठेवली. टेलिफोनचं चित्र बाहेरच्या बाजूला. आता ती बॅग भरायची म्हटलं तर आधी घरातले सगळे बटाटे संपवावे लागतील, आणि मी ते कधी संपू देणार नाही. आत्या कट्ट्यापाशी गेली. तिची बोटं मांडणीवरून फिरली, वाकडीवर थांबली, पिळावर थांबली.

सगळे तिच्या बोटांकडे बघत उभे होते. अशा वेळी घरातल्या कर्त्या माणसाने दोन शब्द बोलावेत म्हणून मी घसा साफ केला. "आज मला असं वाटतं," मी म्हटलं, "की निवास म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत. कांदा घ्या. कांद्याला काय हवं असतं? नदी घ्या. नदी वाहते, पण काठ—"

"तीन मिनिटं झाली," आत्या म्हणाली आणि तिने माझ्या हातात कप दिला.

चहा गोड होता.